आशीर्वचनानंतरची दहा मिनिटं

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेनंतरच्या चहाचं काम नुकतंच दोन तरुण जोडप्यांकडे सोपवलं. त्यातल्या एकीने मला विचारलं, “काकू, यात शिकायचं काय आहे? चहाच तर करायचा.” मी हे काम बरीच वर्षं केलंय. तिला तोंडी जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते, म्हणजे ज्यांच्या गळ्यात हे काम नव्याने पडलंय त्यांना उपयोगी पडेल.

आधी माझं थोडं. लग्नानंतर मी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून पुण्याकडे आले. नवऱ्याची कंपनीत शिफ्ट, त्यामुळे रविवारी मी एकटीच उपासनेला जायची. ओळीने चार रविवार गेले. आत गीतं तीच, प्रार्थना त्याच, सगळं ओळखीचं. पण उपासनेच्या शेवटचं आशीर्वचन झालं की लोक आपापल्या घोळक्यात शिरायचे आणि मी चप्पल शोधत बाहेर पडायची. पाचव्या रविवारी कसली तरी बैठक होती. स्वयंपाकघरातून एक म्हाताऱ्या बाई ओरडल्या, “अगं ए, उभी काय राहिलीस, हे पातेलं धर जरा!” मी पातेलं धरलं. पुढचा अर्धा तास कप भरले, कप विसळले, तीन जणींची नावं कळली, एकीचं माहेर माझ्या मावशीच्या गावातलं निघालं. मी त्या मंडळीची झाले ती त्या दिवशी, नाव रजिस्टरात चढलं ते खूप नंतर.

म्हणून पहिल्यांदाच सांगते. चहा हे निमित्त आहे. आशीर्वचन झाल्यापासून नवा माणूस गेटबाहेर पडेपर्यंत जेमतेम दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत त्याच्याशी एक माणूस नीट बोलला पाहिजे. बाकी सगळी तयारी एवढ्यासाठी.

पहिलं पाऊल: वेळ आणि किल्ली

सुरुवात करण्याआधी पाळकसाहेबांशी (मंडळीच्या धर्मगुरूंशी) आणि सेक्रेटरींशी बसून तीन गोष्टी नक्की करा. किल्ली कोणाकडे, खर्च कुठून आणि पुढची उपासना किती वाजता. शहरात एकाच इमारतीत सकाळी मराठी उपासना आणि मग इंग्रजी किंवा दुसऱ्या भाषेची उपासना असं अनेक ठिकाणी चालतं. मधे पाऊण तास असेल तर चहाला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, त्यापेक्षा जास्त नाही. त्यानंतर आपले कप दुसऱ्यांच्या पायात येतात आणि तक्रारी सुरू होतात.

खर्चाचं म्हणाल तर दर आठवड्याला डबा फिरवू नका. चहाच्या टेबलावर दानाचा डबा दिसला की नवा माणूस खिसा चाचपतो. महिन्याचा खर्च काढून चार-पाच घरांनी वाटून घ्यावा, किंवा ज्यांचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस असेल त्यांनी त्या रविवारचा चहा द्यावा. आमच्याकडे दुसरी पद्धत चालते. वर्षाची यादी जानेवारीतच भरते.

दुसरं पाऊल: साठ माणसांचा चहा

घरचा चहा उत्तम करणारी बाई मोठ्या पातेल्यापुढे गडबडते, म्हणून माप देते. साठ छोट्या कपांना साडेतीन लिटर दूध, तीन लिटर पाणी, ६०० ग्रॅम साखर, दीडशे ग्रॅम चहा पावडर आणि बोटभर लांबीचे दोन-तीन आल्याचे तुकडे ठेचून. साखरेआधी एक थर्मास बिनसाखरेचा बाजूला काढा आणि त्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावा. मधुमेहवाले संकोचाने गोड चहा पितात आणि घरी जाऊन बोलणी खातात. लहान मुलांसाठी साधं दूध जमलं नाही तर निदान पाण्याचा जार हवाच.

साडेसहा लिटरला उकळी यायला मोठ्या शेगडीवरही अर्धा तास लागतो. प्रवचन सुरू झालं की आधण ठेवायचं आणि दानार्पणाचं गीत सुरू झालं की दूध घालायचं. गीताच्या आवाजात भांड्यांचा आवाज लपतो, हा अनुभवाचा भाग. आशीर्वचन होईपर्यंत चहा पिंपात गाळलेला असला पाहिजे. आमेननंतर पाच मिनिटांनी चहा आला तर निम्मे लोक गेलेले असतात आणि नवा माणूस त्यात सगळ्यात पुढे असतो.

खायला बिस्किटं पुरे. पारले-जी चालतं. महिन्यातून एकदा पोहे किंवा उपमा करायचा असेल तर एक किलो पोह्यांत बारा ते पंधरा जण होतात. साध्या रविवारी सगळं शाकाहारीच ठेवा. कोण कुठल्या घरातून आलाय आणि काय खातो, हे आपल्याला माहीत नसतं.

आणि एक कटकटीची गोष्ट. चहा करणाऱ्यांचं प्रवचन बुडतं. त्याच त्याच दोघी वर्षभर स्वयंपाकघरात असतील तर त्यांना उपासनेला येऊन काय मिळालं? चार गट करा, प्रत्येक गटाला महिन्यातून एक रविवार. गटात पुरुष असलेच पाहिजेत, आणि त्यांनी फक्त टेबल उचलायचं असं नाही. आमच्याकडे एक निवृत्त बँकवाले काका आहेत, त्यांच्यासारखा चहा महिला मंडळात कोणालाच जमत नाही.

तिसरं पाऊल: टेबल कुठे मांडायचं

हे पटकन सांगते, पण विसरू नका. मागच्या हॉलमध्ये टेबल मांडलं तर तिथे फक्त माहितगार पोहोचतात. नव्याला तो हॉल कुठे आहे हेच ठाऊक नसतं. टेबल दरवाजा आणि गेट यांच्या वाटेवर, पोर्चमध्ये किंवा झाडाखाली मांडा. वाट अडवायची नाही, पण चहाचा वास नाकात शिरला पाहिजे. पावसाळ्यात पोर्च. म्हाताऱ्यांसाठी चार खुर्च्या ठेवा. त्यापेक्षा जास्त नकोत. खुर्च्या मिळाल्या की कुटुंबं गोल करून बसतात आणि गोलाला दार नसतं.

चौथं पाऊल: सोबती नेमा

कपबशीपेक्षा हे महत्त्वाचं. दर रविवारी दोन सोबती, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. त्यांनी चहा वाटायचा नाही, हिशेब बघायचा नाही, पाळकसाहेबांशी कमिटीचं बोलायचं नाही. त्यांचं काम एकच. नवा माणूस ओळखायचा, त्याच्यापर्यंत पोहोचायचं आणि त्याला दुसऱ्या कोणाशी तरी जोडून दिल्याशिवाय हलायचं नाही.

ओळखायचा कसा? बहुधा मागच्या बाकावर, मधल्या वाटेच्या कडेला बसलेला असतो. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतपुस्तक हातात नसतं, किंवा असून क्रमांक सापडत नाही. उभं कधी राहायचं हे शेजाऱ्याकडे बघून ठरवतो. सोबत्याने उपासनेतच त्याच्या मागच्या बाकावर बसावं आणि गीताचं पान काढून पुढे करावं. एवढ्याने बाहेर बोलायला आधार मिळतो: “मघाशी पान सापडलं ना?”

एक चूक बहुतेक मंडळ्या करतात. सूचनांच्या वेळी “आज नवीन कोणी आले असतील त्यांनी उभं राहून ओळख करून द्यावी.” बोलक्या माणसाला यात गंमत वाटते. पण कित्येक जण त्या वाक्याच्या धास्तीने परत येत नाहीत. काहींनी घरी सांगितलेलंही नसतं की आपण चर्चला जातो. माझ्या मते ही पद्धत बंद करावी. ज्यांना चालू ठेवायची आहे त्यांनी निदान आधी बाजूला जाऊन विचारावं.

पाचवं पाऊल: काय बोलायचं आणि काय नाही

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाची एक खोड आहे. कोणी नवा भेटला की तिसऱ्या प्रश्नापर्यंत आपल्याला त्याची आत्या सापडली पाहिजे. गाव कुठलं, कोणाचे तुम्ही, कोणत्या मिशनचे. नगरकडच्या राहुरीचा, वडाळ्याचा माणूस असेल तर हा खेळ झकास रंगतो. मलाही याच खेळाने घर मिळालं, तेव्हा नावं ठेवणार नाही.

पण ज्याच्याकडे सांगायला आत्या नाही त्याचं काय? घरातला पहिलाच जो ख्रिस्ताकडे आला, किंवा नुसता ऐकायला, बघायला आला, त्याच्यासाठी प्रत्येक प्रश्न म्हणजे आणखी एक बंद दार. “कोणत्या मिशनचे?” या प्रश्नाला तर आता तसा अर्थही उरलेला नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं, पुढे एस.पी.जी. हे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचं मिशन आलं, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) आली, जालन्याकडे स्कॉटिश मिशन, अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन. अमेरिकन मिशन आणि एस.पी.जी. या दोन्हींकडच्या बहुतेक मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झालेल्या एकीकरणातून सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये) आल्या. त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. चहाच्या रांगेत मात्र तो प्रश्न अजून निवृत्त झालेला नाही.

आणि आडनाव. पहिल्या भेटीत आडनाव विचारू नका. त्या प्रश्नामागे काय मोजलं जातं हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. आपल्या कित्येकांच्या आज्या-पणज्यांनी त्या मोजमापाचा जाच सोसला. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठीवाला आणि मळक्या कपड्यांतला असे दोघे सभेत येतात, एकाला चांगली जागा मिळते, दुसऱ्याला “तिकडे उभा राहा”. आज आपण कोणाला उभं ठेवत नाही. पण आडनाव ऐकल्यावर चेहरा बदलतो तो समोरच्याला दिसतो.

मग विचारायचं काय? आजच्या दिवसाचं विचारा. “कुठून आलात, लांब पडलं का?” “बस मिळाली का रिक्षाने?” “हे गीत तुमच्याकडे याच चालीवर म्हणतात का?” हा शेवटचा प्रश्न फार चांगला आहे. कवी नारायण वामन टिळकांचं एकच गीत चार गावांत चार चालींवर ऐकू येतं आणि त्यावर कोणीही बोलू शकतो. ज्याला गीतच माहीत नाही तोही म्हणतो, “मी पहिल्यांदाच ऐकलं.” मग पुढचं बोलणं आपोआप निघतं.

अभिवादनाचंही सांगते. आमच्याकडची जुनी माणसं “सलाम” म्हणतात, काही जण “जय ख्रिस्त”, नवी पिढी “प्रेझ द लॉर्ड”. नव्याने “नमस्कार” म्हटलं तर तुम्हीही “नमस्कार” म्हणा. दुरुस्ती करू नका.

विश्वासाविषयी तो विचारेल तेवढंच सांगा. पहिल्याच कपाला “बाप्तिस्मा झालाय का?” हे विचारणं म्हणजे मुलगी बघायला आल्या आल्या पगार विचारण्यासारखं. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघांसाठी. शंभर वर्षांपूर्वी त्यांना जे सुचलं ते आपल्याला चहाच्या टेबलापुरतं तरी जमावं.

सहावं पाऊल: नाव, नंबर, फोटो

एक साधी वही ठेवा. नाव, राहण्याचा भाग आणि त्याची इच्छा असेल तर फोन नंबर. वही टेबलावर उघडी पडू देऊ नका, सोबत्याच्या पिशवीत असू द्या. नंबर मिळाला म्हणून लगेच मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घालू नका, आधी विचारा. सकाळी पाच वाजल्यापासून चाळीस वचनं आणि गुलाबाची फुलं आली की माणूस ग्रुपही सोडतो आणि मंडळीही.

फोटोबाबत तर मी कडक आहे. नव्या माणसाचा फोटो काढून “आज आमच्या सहभागितेत” असं स्टेटसला टाकायचं नाही. एका मुलीचा असा फोटो तिच्या घरी पोहोचला आणि तिला वर्षभर येता आलं नाही. टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

सातवं पाऊल: दुसरा रविवार, तिसरा रविवार

पहिल्या रविवारी सगळेच गोड वागतात. खरी परीक्षा दुसऱ्या रविवारी असते, कारण सोबती बदललेला असतो आणि नवा सोबती त्यालाच विचारतो, “आज पहिल्यांदा आलात का?” हे टाळायला वही आहे. शनिवारी रात्री या आठवड्याच्या सोबत्याने मागचं पान वाचायचं. नाव घेऊन हाक मारली की अर्धं काम झालं.

मधल्या आठवड्यात एक फोन करा. मंगळवारी किंवा बुधवारी, संध्याकाळी, दोन मिनिटं. रविवारी संध्याकाळी केलात तर वसुलीचा वाटतो. घरभेटीला विचारल्याशिवाय जाऊ नका. शहरात चार जण एका खोलीत राहतात, अचानक पाहुणे आले की पंचाईत होते. दवाखान्यात नोकरी करणाऱ्या मुली आपल्याकडे पुष्कळ येतात. त्यांची ड्युटी बघूनच फोन करा आणि दोन रविवार दिसल्या नाहीत म्हणून “विसरलात का आम्हाला?” असं म्हणू नका. नाइट करून झोपलेल्या असतात.

तिसऱ्या रविवारी काम द्या. हे माझं सगळ्यात आवडतं पाऊल आहे, कारण मी स्वतः पातेलं धरून आत आले. काम हलकं असावं आणि चौघांबरोबर करायचं असावं: कप मांडणं, खुर्च्या आत नेणं, गीतपुस्तकं गोळा करणं. एकट्याने करायचं काम देऊ नका, तो पुन्हा एकटा पडतो. आणि “तुम्ही पाहुणे, तुम्ही बसा” असं तिसऱ्यांदा म्हणू नका. पाहुणा म्हणून किती दिवस बसवून ठेवणार?

अवघड रविवार

प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा रविवार, बहुतेक ठिकाणी महिन्यातला पहिला. सगळे उठून पुढे जातात आणि नवा माणूस बाकावर एकटा उरतो. सोबत्याने आधीच हळू सांगावं, “हा भाग मंडळीच्या सभासदांसाठी असतो, तुम्ही शांत बसून प्रार्थना करू शकता, नंतर चहाला भेटूच.” तुमच्या मंडळीचा नियम थोडा वेगळा असेल तर पाळकसाहेबांना विचारून नेमके शब्द ठरवा. त्या दिवशी चहा चुकवायचा नाही. आतल्या मेजापासून जो लांब राहिला त्याला बाहेरच्या मेजाला पहिला कप मिळाला पाहिजे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात, पौल रागावलाय तो याच गोष्टीवर: काही जण आधीच खाऊन मोकळे आणि काही उपाशी. एकमेकांसाठी थांबा, असं तो सांगतो.

हंगामाच्या सणाला उपासनेनंतर लिलाव असतो. भोपळा, कोंबडी, केळ्यांचा घड, केक. आपल्याला मजा वाटते. नव्याला वाटतं की बोली लावली नाही तर कंजूष दिसू. त्याच्या शेजारी उभं राहून सांगा की बघायला येणारेच जास्त असतात. एकदा एका नव्या मुलाने हात खाजवला आणि ती बोली धरली गेली. बिचारा भोपळा घेऊन बसने गेला. पुढच्या रविवारी मात्र त्याने भोपळ्याचे घारगे आणले.

नाताळात इतके नवे चेहरे येतात की वही पुरत नाही. त्या गर्दीत सगळ्यांशी बोलायचा आव आणू नका. त्यापेक्षा जानेवारीचे पहिले दोन रविवार चांगला नाश्ता ठेवा आणि नाताळात आलेल्यांना त्याचं बोलावणं द्या.

काही त्रासदायक मंडळी

प्रत्येक मंडळीत एक विमा एजंट असतो, एक चिट फंडवाला आणि लग्नं जुळवणाऱ्या निदान तीन काकू. पहिल्या दोघांना स्पष्ट सांगा, चहाच्या वेळेत धंदा नाही. काकूंना सांगणं कठीण, पण सांगा. पंचविशीतली एकटी मुलगी आली की तिच्याभोवती मुलांच्या आया जमतात. अशा वेळी सोबतीणीने “जरा हिला स्वयंपाकघर दाखवते” म्हणून तिला सोडवावं.

कोणी पैसे मागितले, नोकरी मागितली, तर सोबत्याने स्वतः वचन देऊ नये. पाळकसाहेबांकडे किंवा खजिनदारांकडे न्यावं. आणि मदतीच्या बदल्यात उपासनेला यायची अट कधीही घालू नये.

लहान मुलं संडे स्कूलमधून त्याच वेळी सुटतात. उकळत्या चहाचं पिंप टेबलाच्या कडेला ठेवू नका आणि कोणाचं मूल कोणाबरोबर गेटबाहेर जातंय यावर एकाची नजर असू द्या.

शेवटी आवराआवर. पातेलं लगेच घासा, दूध तळाला लागलेलं वाळलं की दुसऱ्या रविवारी चहाला करपट वास येतो. आणि वॉचमनचा कप विसरू नका. तो देताना थोडं थांबा, कारण चहाला न थांबता कोण गेटबाहेर गेलं हे फक्त त्याला माहीत असतं. “ते निळ्या शर्टातले, मागच्या रविवारी पण आले होते, आज पण तसेच गेले,” असं तो सांगेल. ते वहीत लिहा. पुढच्या रविवारी सोबत्याने आशीर्वचनाआधीच गेटजवळ जाऊन उभं राहायचं.